गोदरीवरचा बगिचा

साहेबांचा प्रश्न अगदी साधा होता. ही जागा कोणाच्या वापरात आहे का? उत्तरही साधंच होतं आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. पण पिंपळटेकचे दहा-बारा कर्ते पुरुष जीपभोवती उभे राहून आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहू लागले.

दिवाळी होऊन गेली होती. वावरात सीतादहीची पूजा होऊन कपाशीची वेचणी लागली होती, माणसाला श्वास घ्यायला उसंत नव्हती. अशा घाईत विकास कचेरीतले साहेब तिवशाहून आले आणि म्हणाले, गावात बगिचा करायचा. पोरांना खेळायला, म्हाताऱ्यांना बसायला, बायांना घटकाभर विसावायला. जागा आणि मेहनत गावाची. रोपं, झोके, सिमेंट सरकारचं. सरपंच खुशालरावांनी त्यांना गावभर फिरवलं. मारुतीपुढची जागा लहान पडली. नाल्याकाठी नुसती रेती. शेवटी गावाच्या मागच्या अंगाची दोन एकर जागा साहेबांच्या डोळ्यांत भरली. तिथं तरोटा होता, रुई होती, एरंड, बोरी आणि पुरुषभर उंचीचं निवडुंग. अलीकडे गाव, पलीकडे बौद्धवस्ती, दोघांना सारखीच जवळ. साहेब म्हणाले, "इतकी मोक्याची जागा अशीच पडून आहे?"

मोक्याची तर ती होतीच. ती बायांची गोदरी होती. आज्या-पणज्यांपासून गावातल्या बाया पहाटेच्या अंधारात आणि दिवस बुडाल्यावर टमरेल घेऊन तिथंच जात. अलीकडच्या अंगानं कुणब्या-माळ्यांच्या, पलीकडच्या अंगानं वस्तीतल्या. पुरुष तिकडे फिरकत नसत आणि तिचं नावही तोंडात आणत नसत. पुरुषांना काय, नाला होता, शेतांचे धुरे होते, सगळं रान त्यांच्या बापाचं होतं.

आता ही गोष्ट परक्या साहेबापुढे बोलायची कशी? खुशालराव खोकले. कोणी टोपी सारखी केली. गप्प राहणं फार लांबलं तशी जानरावाला गावाचीच लाज वाटू लागली. तो पंचायतीचा मेंबर, चार माणसांत बोलणारा म्हणून त्याचं नाव. तो पुढे झाला आणि म्हणाला, "पडीक हाये साहेब. कोनाच्या कामाची नाही."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि बोलणाऱ्याच्या गळ्यात घोंगडं पडतं म्हणतात, तसं बगिच्याचं काम जानरावाच्या गळ्यात पडलं.

त्या दिवशी तो जेवायला बसला तेव्हा बायको गोदाबाई चुलीपुढे भाकर थापत होती. बातमी तिच्यापर्यंत त्याच्या आधी पोचली होती. सून जमुना आत ज्वारी पाखडत होती. तिला चौथा महिना लागला होता.

"तुमी पडीक सांगतली म्हनते," गोदाबाई म्हणाली.

"मंग काय सांगू साहेबाले?"

"काही नका सांगू. जेवा."

त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही. गोदाबाई भांडली असती तर जानराव चार शब्द बोलून मोकळा झाला असता. ती भांडली नाही, हेच त्याला जड गेलं.

झुडपं तोडायला पंधरा-वीस माणसं लावली होती. काही श्रमदानाची, काही मजुरीची. मजुरीच्या माणसांत वस्तीतली पंचफुला होती. हातात विळा, डोक्याला फडकं, आणि जिभेला हाड नाही अशी तिची ख्याती. खरं तर तिच्या जिभेला चांगलं हाड होतं. पूर्वी ती जानरावाला मालक म्हणायची. वस्तीनं दीक्षा घेतल्यापासून भाऊ म्हणू लागली होती. जानरावाला पहिल्यांदा ते कानाला टोचलं, मग सवयीचं झालं.

निवडुंगाच्या मोठ्या जाळीपाशी येऊन ती थांबली.

"भाऊ, हेबी तोडाचं काय?"

"तोडाचंच. साहेबाच्या नकाशात तिथं घसरगुंडी हाये."

"घसरगुंडी होऊ द्या. मंग बायायनं जावं कोठी?"

आजूबाजूचे हात थांबले. जानराव रागानं लाल झाला. "अव, हे बोलाची गोष्ट हाये काय चार मानसांत?"

"बोलाची नसन तं नका बोलू," पंचफुला म्हणाली. "पन जाची तं हाये."

आणि तिनंच पहिला घाव घातला. मजुरी घेतली होती, काम करणं भाग होतं. निवडुंगाचा चीक तिच्या हातांवर उडाला आणि संध्याकाळपर्यंत कातडी भाजल्यासारखी लाल झाली. जानरावानं घरून खोबरेल तेल आणून दिलं. ते तिनं घेतलं आणि हातांना चोळलं.

पौष महिना कसाबसा निभला. गोदरीला लागून जानरावाचंच तुरीचं वावर होतं. तूर डोक्याएवढी उभी होती, बाया तिच्या आडोशाला जाऊ लागल्या. जानरावाला ते दिसत होतं. पायवाट पडली होती, कडेची झाडं मोडली होती. एरवी धुऱ्यावरून कोणाची बकरी गेली तरी तंडायला उठणारा हा माणूस, पण त्यानं वावराकडे पाठ फिरवली. मात्र तूर काही कोणासाठी उभी राहत नाही. माघात शेंगा वाळल्या, आणि जानरावानं, त्याच्या पोरानं श्रावणनं आणि दोन गड्यांनी विळे घेऊन ती कापून काढली. वावर उघडंबोडकं झालं. इकडे बगिच्याची जमीनही सपाट झाली, चुन्याच्या रेघांनी वाटा आखल्या गेल्या, दगडी पाट्या बसल्या, आणि गावाच्या एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचं कुत्रं दिसू लागलं.

आता उरली ती फक्त सडक. अमरावती-नागपूर डांबरी सडक गावापासून हाकेवर होती. तिच्या कडेला उतार होता, दोन-चार बाभळी होत्या. बस, तेवढाच आडोसा.

जानराव त्या दिवशी तिवशाच्या बाजारात कापूस घालून परत येत होता. गाडी रिकामी, बैल घराच्या ओढीनं चालत होते. दिवस बुडून नुकतंच अंधारलं होतं. गावाच्या अलीकडे समोरून नागपूरकडचा ट्रक आला आणि त्याच्या दिव्यांचा झोत सडकेच्या कडेला पडला.

कडेनं बसलेल्या बाया एका ओळीनं उभ्या राहिल्या. वीस-पंचवीस तरी असतील. सगळ्यांनी सडकेकडे पाठ केली, तोंडावर पदर ओढले. ट्रकवाल्यानं मुद्दाम गाडी हळू केली, भोंगा वाजवला, वर बसलेल्या क्लिनरनं शीळ घातली. ओळीच्या शेवटी एकजण उठता उठता अडखळली. तिला वाकवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं. शेजारच्या बाईनं तिला काखेत हात घालून वर ओढलं. हिरवं लुगडं होतं. आदल्या महिन्यात ओटी भरताना नेसवलेलं. ओढणारी गोदाबाई होती.

ट्रक गेला. बाया बसल्या. तेवढ्यात अमरावतीकडून दुसरी मोटार आली. बाया पुन्हा उठल्या.

जानरावाच्या गाडीच्या दांडीला कंदील लटकत होता. त्यानं तो काढला आणि फुंकून विझवला. अंधारात बैलांनीच गाडी घरी आणली. आयुष्यात त्याला इतकी शरम कधी वाटली नव्हती, आणि ती कोणाजवळ बोलून दाखवायचीही सोय नव्हती.

त्यानंतर त्याला घरातलं दिसू लागलं. जमुना दुपारी अर्धी भाकर खायची आणि संध्याकाळी ताटाशी नुसती बसून उठायची. तांब्याला हात लावत नव्हती. ओठ फुटले होते.

"पोटुशी पोरगी, जेवत कावून नाही?" त्यानं गोदाबाईला विचारलं.

"जेवन तं जा लागन."

"पानी तरी पे म्हना."

गोदाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं. "तुमाले समजते थे बोला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जानराव खुशालरावांच्या ओसरीवर जाऊन बसला. सरपंचांच्या घरात आई, दोन बायका आणि सून, अशा चार बाया होत्या. खुशालरावांना वेगळं सांगायला नको होतं. तरी दोघांनी अर्धा तास कपाशीच्या भावाच्या गोष्टी केल्या.

"मी म्हनतो, बगिच्याचा मांगचा तुकडा बायायसाठी अलग ठेवावा," जानराव शेवटी म्हणाला.

"बायायसाठी."

"हाव. तट्टे लावून. आडोसा पायजे."

"आडोसा तं पायजेच," खुशालराव म्हणाले आणि सुपारी कातरू लागले. "साहेबाले काय सांगाचं?"

"महिला विभाग."

दोघंही स्वतःच्या अक्कलहुशारीवर खूश झाले. शब्द न काढता काम होत होतं, याहून बरं काय? जानरावानं तुऱ्हाटीचे तट्टे विणून घेतले, मागचा तुकडा बंद केला. बाया दोन-चार दिवस तिकडे जाऊही लागल्या. मग साहेब पाहणीला आले.

महिला विभाग म्हटल्यावर साहेबांचा चेहरा खुलला. "वा. हे तर आमच्याही डोक्यात आलं नव्हतं. पण हे तट्टे कशाला? बायकांना कोंडून ठेवायचे दिवस गेले, सरपंच. त्यांनाही हवा लागू द्या. तट्टे काढा. इथं बाकं घालू, गुलाबाची रोपं लावू. आणि संध्याकाळी बायकांना बसता यावं म्हणून मधोमध खांब रोवून गॅसबत्ती लावू."

पुन्हा सगळे अंगठ्यांकडे पाहू लागले. जानरावही पाहू लागला. तट्टे निघाले, बाकं आली, खांब रोवला गेला. गावात एवढा लख्ख उजेड दुसरीकडे कुठंच नव्हता, आणि ज्या जागी अंधार हवा होता तिथंच सरकारनं उजेड पाडला. बाया मुकाट्यानं पुन्हा सडकेवर गेल्या.

सातव्या महिन्यात जमुनाचे वडील केशवराव चांदूर रेल्वेहून आले आणि रीतीप्रमाणे तिला पहिल्या बाळंतपणाला घेऊन गेले. ज्येष्ठ सरला तेव्हा नातवाला दोन महिने झाले होते. जानरावानं श्रावणला घरी ठेवलं, टोपडं, झबलं आणि चांदीचे वाळे घेतले, दमणी जुंपली आणि सुनेला आणायला स्वतः निघाला.

व्याह्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला. नातू मांडीवर आला. काळासावळा, कपाळावर तीट. आजोबाच्या मांडीवर येताच त्यानं धोतरावर धार सोडली. सगळे हसले. त्या वयात माणसाला सगळं जग मोकळं असतं, आणि पोरगा असला की पुढंही असतंच. जानराव हसला नाही.

"उद्या सकाळी निघावं म्हनतो," तो म्हणाला.

केशवराव चुळबुळले. "राहू द्या आनखी थोडे दिवस. तिले तुमच्या गावची हवा मानवत नाही."

"हवेले काय झालं?"

केशवरावांनी छताकडे पाहिलं. तेव्हा दाराआडून विहीणबाई बोलल्या. इंदूबाईंचा आवाज शांत होता, पण दाराच्या चौकटीएवढा सरळ होता.

"दाजी, पोरगी इथं आली तवा तिचे ओठ फाटले होते. हातपाय सुजले होते. डॉक्टर म्हने, पानी पेत नव्हती काय? सडकेवर बसा लागते म्हून पेत नव्हती. तुमच्या गावात बगिचा झाला, लय चांगलं झालं. बायायची जागा झाली का निरोप धाडा. त्याच दिवशी पोरगी धाडून देऊ. तवरक नाही."

जानराव टोपडं, झबलं आणि वाळे ठेवून रिकामी दमणी घेऊन परत आला. अंगणात गोदाबाई ओवाळायचं ताट आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. दमणीत कोणी नाही पाहिल्यावर तिनं ते पाणी तुळशीला घातलं आणि आत गेली.

बगिच्याचं उद्घाटन पंधरा ऑगस्टला झालं. गेटवर पाटी रंगवली होती: हा बगिचा सर्वांसाठी खुला आहे. पोरं घसरगुंडीवरून ओरडत घसरत होती. म्हातारे बाकांवर बसून तंबाखू मळत होते. वस्तीतली पोरंही झोक्यावर होती. साहेबांनी ते मुद्दाम पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. भाषणाच्या शेवटी मात्र त्यांनी मागच्या रिकाम्या बाकांकडे हात केला.

"एका गोष्टीचं वाईट वाटतं. महिला विभागात एकही महिला नाही. घरातून पाठवत नाही का तुम्ही? की काही अडचण आहे? मोकळेपणानं सांगा."

शंभरेक पुरुष बसले होते. शंभर माना खाली गेल्या. जानरावाची मानही सवयीनं खाली गेली. मग त्याला चांदूरच्या दारातला आवाज आठवला, आणि तो उठून उभा राहिला.

"साहेब, बाया येत होत्या इथं. रोज येत होत्या. बगिचा नव्हता तवा."

"मग आता का येत नाहीत?"

"ही त्यायची गोदरी होती साहेब."

कोणीतरी खुदकन हसलं. खुशालरावांनी त्याच्या सदऱ्याचं टोक ओढलं. साहेब म्हणाले, "कसली?"

आता सगळं फोडून सांगणं आलं. जानरावाच्या कानशिलांवरून घाम निथळला. "टमरेल घेऊन जाची जागा, साहेब. बायायची. तुमी इचारलं तवा मी पडीक सांगतली. मालूम असून सांगतली. आता त्या डांबरी सडकेवर बसतात. मोटार आली का उठतात, गेली का बसतात. माही सून गरवार होती, थेबी उठे. तुमी दिवस बुडाल्यावर जीप घेऊन वापस जाता, तवाबी उठत असतीन. तुमी पाह्यलं असन."

मागची जवान पोरं आता उघड हसत होती. साहेब हसले नाहीत. त्यांनी पाहिलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पुष्कळदा पाहिलं असेल आणि जीपमधून तोंड दुसरीकडे फिरवलं असेल, भल्या माणसासारखं. त्यांनी टेबलावरचं पाणी प्यायलं आणि म्हणाले, "मला कोणी सांगितलं नाही."

"कोनीच नाही सांगतलं," जानराव म्हणाला आणि खाली बसला.

पुढचं काम पंधरवड्यात झालं. पावसानं उघडीप दिली तशी बगिच्याचा मागचा अर्धा भाग पुन्हा बंद झाला. गॅसबत्तीचा खांब उपटून गेटापाशी नेला. पंचफुलाचा नवरा पुंजाजी आणि जानराव यांनी मिळून चर खणले, त्यावर फळ्या टाकल्या, चौफेर तट्टे उभे केले, बाहेरून मेंदीचं कुंपण लावलं. बाकं मात्र आतच राहिली. बायांना घटकाभर बसायला ती कामी आली, आणि तिथं काय बोलणं होतं ते गावातल्या एकाही पुरुषाला आजवर कळलेलं नाही. मधात एक तट्टा घालून वस्तीचं निराळं करावं, असं दोघा-चौघांनी सुचवलं. जानराव तेव्हा चरात कमरेएवढा उभा होता. त्यानं फावडं थांबवलं.

"सडकेवर कोनं तट्टा मारला होता मधात?" तो म्हणाला आणि पुन्हा माती उपसू लागला. मधात तट्टा लागला नाही.

या सगळ्याचं बक्षीस त्याला गावानं लगेच दिलं. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून तो गोदरीबुवा झाला. बाजारात, पाणवठ्यावर, चावडीवर. पोरं मागून हाक मारून पळत. तिवशाच्या कापसाच्या बाजारात एका अनोळखी अडत्यानंही त्याला त्याच नावानं ओळखलं. पुढच्या निवडणुकीत लोकांनी खुशालरावांच्या भाच्याला मेंबर केलं. जानराव चारचौघांत बोलायचा कमी झाला. श्रावणही बापाबरोबर बाजारात जायचं टाळू लागला. हे जानरावाला फार लागलं, पण पोराला काय बोलणार?

निरोप मात्र त्यानं धाडला होता. इंदूबाई शब्दाला जागल्या. त्याच वर्षी भाद्रपदात जानराव दमणी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी सून-नातवाला घेऊन निघाला. गाव येईतो दिवस कलला होता. वाट बगिच्याच्या गेटासमोरूनच होती. गेटाच्या कठड्यावर आठ-दहा जवान पोरं बसली होती. त्यांना लांबूनच दमणी दिसली.

"आले रे गोदरीबुवा," एकजण म्हणाला. बाकीचे खिंकाळले. "सुनेले घिऊन आले. दाखवा तिले नवी जागा."

जानरावाचा चेहरा उतरला. सुनेदेखत हे ऐकायची पाळी यायला नको होती. त्यानं मान खाली घातली, बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या आणि दमणी पळवायला सुरुवात केली. चाकं खडकावरून आदळू लागली. आत पोरगं दचकून रडायला लागलं.

"मामाजी."

जानरावाला आधी उमगलंच नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि या पोरीनं सासऱ्यासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. पाणी हवं का, हेसुद्धा ती सासूकडून विचारायची. आता पदर डोक्यावर ओढून ती दमणीच्या तोंडाशी सरकली होती, आणि तिचा आवाज कठड्यावरच्या पोरांना ऐकू जाईल एवढा मोठा होता.

"कावून पळवता बैल? पोरगं हिंदकळून राहिलं. सावकाश चालू द्या. आपल्याले कोनाची चोरी हाये?"

कठड्यावरचं हसणं थांबलं. जानरावानं कासरे सैल सोडले. बैल आपल्या नेहमीच्या चालीवर आले आणि दमणी गेटासमोरून हळूहळू घराकडे गेली.